गाण्यांची वही : सेवादलाच्या कलापथकामागची माणसं

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाटा मागे पडतो. मग शिरढोण येतं, वासुदेव बळवंत फडके यांचं गाव. कर्नाळ्याची झाडी ओलांडली की तारा. १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचं काम या गावात उभं राहिलं. दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण, कुंभारकाम अशी अनेक कामं तिथे वाढत गेली. त्यामागे डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांचे समाजवादी सहकारी होते. आमच्या पनवेल तालुक्यात राष्ट्र सेवा दल म्हटलं की जुन्या माणसांना आधी तारा आठवतं, आणि तारा म्हटलं की शिबिरं आणि शिबिरातली गाणी.

स्मरणिकेसाठी कलापथकाचा इतिहास लिहायचं ठरलं तेव्हा संपादकांनी मला एकच गोष्ट बजावली : ठराव आणि पदाधिकाऱ्यांच्या याद्या नकोत, माणसं हवीत. ते ऐकलं आणि मला आईची वही आठवली. आई मुलगी असताना सेवादलाच्या शाखेत जायची. तिच्याकडे दोनशे पानी एक वही होती, खाकी कव्हर घातलेली, कोपरे दुमडलेली. तिच्यात गाणी होती, समूहगीतं, पोवाड्यांचे चौक, एका वगातले संवाद. समासात बारीक अक्षरात सूचना : ‘इथे डफ थांबेल’, ‘झील दोनदा’, ‘मुली मागे सरतील’. गाणी कोणाची ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. ती गाणी सगळ्यांची होती.

राष्ट्र सेवा दल आजच्या रूपात उभं राहिलं ते ४ जून १९४१ रोजी, पुण्यात. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. शाखा, खेळ, कवायत, बौद्धिक, सफाई आणि गाणी, अशी रोजची रीत. सव्वा वर्षातच ‘चले जाव’ आलं. हे शब्द युसूफ मेहेरअलींनी दिले होते. ते त्या वेळी मुंबईचे महापौर होते. सेवादलाची किती तरी मुलं तुरुंगात गेली. कराडचे वसंत बापट त्यांतले एक. आत ती एकत्र गायली आणि सुटून बाहेर आली तेव्हाही तो गळा शाबूत होता. कलापथकाचं बीज कुठे पडलं असेल तर ते इथे, असं मला वाटतं. कोणी समिती नेमून कलापथक स्थापन करण्याआधीच गाणारी मुलं तयार होती.

मात्र हे कलापथक आकाशातून पडलं नव्हतं, हेही इथे नीट लिहून ठेवलं पाहिजे. तमाशाचा साज घेऊन समाजाशी बोलायची वाट महाराष्ट्रात सत्यशोधक जलशांनी आधीच पाडली होती. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे तिशीच्या दशकात गावोगाव गाजत होते. गणेशोत्सवातले मेळे होते. आणि १९४४ पासून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांत असं काही गाजत होतं की समोरचा माणूस जागेवरून हलत नसे. सेवादलाची मुलं हे सगळं बघत, ऐकत वाढली. राजकारण वेगळं होतं, पण डफ तोच होता. आमच्या जुन्या लेखांतून हे ऋण अनेकदा राहून गेलं आहे, म्हणून ते इथे आधीच नोंदवतो.

कलापथकाची खरी परीक्षा १९४७ साली झाली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे हरिजनांना खुले व्हावेत म्हणून साने गुरुजींनी आमरण उपोषणाचा निर्धार केला आणि त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले. सेवादलाचं कलापथक त्यांच्या दौऱ्यात होतं. आज आपण तो दौरा गुरुजींच्या भाषणांचा म्हणून आठवतो. पण ज्या गावात ‘महाराला देवळात घ्या’ असं सांगायला येणाऱ्या माणसाचं तोंडही बघायची लोकांची तयारी नाही, तिथे सभा भरायची कशी? आधी चावडीपुढे डफ वाजायचा. पोरं जमायची, मग बाया दारात यायच्या, मग पारावरचे म्हातारे माना वळवायचे. पोवाड्यात तुकोबा यायचे, चोखोबा यायचे. माणसं ज्यांचे अभंग रोज म्हणतात तेच संत त्यांच्यापुढे उभे करायचे आणि विचारायचं की चोखोबाला पायरीवर का राहावं लागलं? गुरुजी बोलायला उभे राहीपर्यंत अर्धं काम झालेलं असायचं. शाहीर लीलाधर हेगडे यांच्यासारख्या तरुणांनी हे केलं. १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं आणि १० मे रोजी ते सुटलं. मंदिर खुलं होण्याच्या त्या लढ्यात गुरुजींच्या प्राणांची बाजी होतीच, पण त्या आधीच्या महिन्यांत घसे बसेपर्यंत गाणाऱ्या पोरांचाही वाटा आहे.

यानंतर तीन वर्षांनी, ११ जून १९५० रोजी, गुरुजी गेले. पुढच्या तीन आठवड्यांत, २ जुलैला, मेहेरअलीही गेले. सेवादलाच्या तरुणांवर त्या एका महिन्यात काय ओढवलं असेल! आईच्या वहीत त्या काळातलं एक पान आहे, त्यावर फक्त दोन तारखा लिहिल्या आहेत. खाली गाणं नाही.

तरीही कलापथकाचा बहराचा काळ यानंतरच सुरू झाला. त्याला एक कारण बाहेरचंही होतं. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती पुढे उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. तमाशा कलावंतांच्या पोटावर पाय आला. त्याच सुमाराला ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळू लागला आणि शिकलेला मध्यमवर्ग वगाकडे नव्याने पाहू लागला. सेवादलाच्या कलापथकाने या वळणावर फार मोठं काम केलं. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यात स्वराज्यातले प्रश्न भरले.

पु. ल. देशपांडे यांनी १९५१ साली कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं. गावाला पुढारी हवा आहे आणि उमेदवारांची रांग लागली आहे, असा तो मामला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. प्रेक्षक हसत हसत स्वतःच्याच गावातले चेहरे ओळखायचे. वगाची ताकद अशी की त्याचा सांगाडा पक्का असतो पण मांस मोकळं असतं. आज ज्या गावात प्रयोग आहे तिथल्या विहिरीचा, तिथल्या रस्त्याचा, तिथल्या सावकाराचा उल्लेख बतावणीत सहज येतो. प्रयोगाआधी दोन पोरांनी गावात फेरी मारायची, चहाच्या टपरीवर बसायचं, कान उघडे ठेवायचे आणि रात्री ते सगळं रंगमंचावर आणायचं. ही कसबाची गोष्ट आहे. ती शिबिरात शिकवून येत नाही. ती तमाशातल्या जुन्या सोंगाड्यांकडूनच बघून शिकावी लागते.

याच वगातल्या रोंग्याच्या भूमिकेने निळू फुले नावाचा माणूस महाराष्ट्राला कळला. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण कलापथक म्हणजे काय हे मला एका माणसात दाखवायला सांगितलं तर मी निळूभाऊंकडे बोट दाखवीन.

ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. महिन्याचा पगार ८० रुपये. त्यातले १० रुपये ते सेवादलाला देत. नाटकाचं मानधन तर नव्हतंच, उलट गाठीचेच जात. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते आणि वगाइतकं धारदार हत्यार दुसरं नव्हतं. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ आला आणि ते सिनेमात गेले. पुढची चाळीस वर्षं गावातला सरपंच, पाटील, साखरसम्राट म्हटलं की त्यांचाच चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे येई. पडद्यावर त्यांनी जी माणसं उभी केली ती माणसं त्यांनी कलापथकाच्या दौऱ्यांत पाहिली होती, त्यांच्याविरुद्ध गायली होती. म्हणून ती इतकी खरी उतरली.

आणि मोठे झाल्यावर ते काय करत होते? ऐंशीच्या दशकात डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. समाजासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही रक्कम मिळावी, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, नामवंत नटनट्यांनी बिदागी न घेता गावोगाव ते केले. त्यात निळूभाऊ होते. पगारातल्या १० रुपयांची ती सवय सुटलेलीच नव्हती.

पुण्याच्या कलापथकात निळूभाऊंबरोबर राम नगरकर होते. न्हाव्याच्या घरातून आलेल्या या माणसाने ‘रामनगरी’ लिहून आपली गरिबी, आपला धंदा, आपलं हसू सगळ्यांसमोर मांडलं. मुंबईत दादा कोंडके कलापथकात काम करत होते. १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्यांना जे यश दिलं त्यामागे ही तालीम होती. पुढे या प्रत्येकाने आपापली वाट धरली. कोणी कुठे गेला याचा हिशोब मांडायचं कारण मला दिसत नाही.

आता मुलींविषयी. आईच्या वहीत ‘मुली मागे सरतील’ असं लिहिलं आहे. ते वाचताना आज आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण पन्नाशीच्या दशकात बामणाच्या, मराठ्यांच्या, प्रभूंच्या घरातली मुलगी रात्री नऊ वाजता ढोलकीवर नाचते आणि खाली चारशे पुरुष बसलेले आहेत, ही गोष्ट घरच्यांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. तमाशाच्या फडात नाचणाऱ्या स्त्रिया ज्या जातींतून येत त्या जातींकडे समाज कोणत्या नजरेने पाहायचा हे सांगायला नको. कलापथकातल्या मुलींनी पायात चाळ बांधले तेव्हा त्या नजरेचा थोडा वाटा त्यांच्याही वाट्याला आला. त्यांनी तो झेलला.

या मुलींच्या पुढे होत्या सुधा वर्दे. नृत्य त्या शिकलेल्या होत्या आणि राजकारण त्यांच्या घरातच होतं. पती सदानंद वर्दे सेवादलातले, प्राध्यापक, आणीबाणीत तुरुंगवास सोसलेले, १९७८ साली राज्याचे शिक्षणमंत्री. वसंत बापटांचे शब्द आणि सुधाताईंची नृत्यरचना यांतून कलापथकाचे ते मोठे कार्यक्रम उभे राहिले, ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’. साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडला होता : प्रत्येक प्रांताने दुसऱ्याची भाषा, दुसऱ्याची गाणी शिकावीत. ‘भारत दर्शन’ त्या विचाराचं रंगमंचावरचं रूप होतं. मराठी मुलं-मुली दुसऱ्या प्रांतांचे नाच शिकत आणि ते घेऊन दौऱ्यावर जात.

या दौऱ्यांतून गेलेली एक मुलगी म्हणजे स्मिता पाटील. शिवाजीराव आणि विद्याताई हे तिचे आईवडील सेवादलाच्या संस्कारातले, मूळचे शिरपूरकडचे. सिनेमात आल्यावर लोक तिच्या डोळ्यांविषयी बोलत, पण तिची उभं राहण्याची रीत, जमिनीत पाय रोवून उभी असलेली बाई, ती मला नेहमी कलापथकातली वाटत आली आहे. सुधाताईंची मुलगी झेलम तिची बालमैत्रीण. झेलम परांजपे पुढे गुरू केलुचरण महापात्रांकडे ओडिसी शिकल्या. १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता गेली, तेव्हा तिचं वय अवघं एकतीस होतं. १९८९ साली झेलमताईंनी नृत्यशाळा काढली आणि तिला मैत्रिणीचं नाव दिलं : स्मितालय. कलापथकाच्या तालमीत एकत्र वाढलेल्या दोन मुलींपैकी एकीच्या नावाने आज कितीतरी मुली चाळ बांधतात. इतिहास लिहिताना अशा जागी लेखणी आपोआप सावकाश चालते.

शाहीर लीलाधर हेगडे यांचं नाव मी पंढरपूरच्या दौऱ्यात घेतलं. गाणाऱ्या माणसाने पुढे काय करावं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर सांताक्रूझला उभं आहे, साने गुरुजी आरोग्य मंदिर. कलापथकातल्या माणसांचं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांना गाणं हे कामापासून वेगळं करता आलं नाही. जो पोवाडा गायचा तोच रस्ता झाडायचा, तोच शाळा काढायचा. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून सेवादलात आल्या. पाण्यासाठी त्यांनी काढलेले मोर्चे मुंबई विसरलेली नाही.

इतकं मनापासून लिहिल्यावर एक गोष्ट न लिहिता पुढे गेलो तर तो खोटेपणा होईल. कलापथकाने लोकांची कला घेतली, तिला प्रतिष्ठा दिली, शहरातल्या नाट्यगृहात नेली. पण ती कला ज्यांच्या घरची होती ती माणसं त्या रंगमंचावर किती आली? आमच्याच भागाचं घ्या. पनवेल, उरण, पेणच्या आगरी घरांत लग्नाचे विधी धवलारीण चालवते. हळद, तेल, मुहूर्त, पाठवणी, प्रत्येक वेळेचं गाणं तिला तोंडपाठ असतं. लग्नात भटाच्या मंत्रांइतकाच मान तिच्या धवल्यांना असतो. तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. सातशे वर्षांनी तीच परंपरा आमच्या गल्लीत मांडवाखाली बसून गाते आहे. डोंगरातले ठाकर आणि कातकरी, खाडीकाठचे कोळी, दक्षिणेकडून येणारे बाल्या नाचवाले, यांच्यातही केवढं तरी गाणं आहे. कोळीनृत्य कलापथकाच्या मुलांनी सुंदर बसवलं, यात शंका नाही. पण आई सांगायची की तिला पहिल्यांदा कोळीनाच शिकवणारी बाई कोळीण होती, आणि पुढे कार्यक्रमपत्रिकेत नृत्यदिग्दर्शनाखाली त्या बाईचं नाव कधी आलं नाही. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. नाव विचारायचं असतं हेच कोणाच्या लक्षात आलं नाही. आईला ते शेवटपर्यंत बोचत होतं.

सत्तरच्या दशकानंतर कलापथकाचे मोठे दौरे विरळ होत गेले. ‘आझादी की जंग’सारखे कार्यक्रम झाले, शिबिरं चालू राहिली, पुण्यात पर्वती पायथ्याच्या साने गुरुजी स्मारकात तालमी होत राहिल्या. टीव्ही आला, बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. तरी सेवादलाच्या कुठल्याही शिबिरात आजही संध्याकाळी मुलं गोल करून बसतात आणि कोणी तरी गाणं सुरू करतं.

डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी गेले. शंभरी त्यांनी ओलांडली होती. ९ ऑगस्टला ऑगस्ट क्रांती मैदानावर जायचं हा नेम त्यांनी वर्षानुवर्षं पाळला. १९४२ ची तुरुंगातली गाणी ज्यांनी ऐकली होती अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली. आमच्या भागात तर दुसऱ्या बाजूनेही घाई झाली आहे. नव्या विमानतळासाठी इथली दहा गावं उठली. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, वाघिवली अशी नावं आता नकाशावर वेगळ्या जागी आहेत. घर हलवताना माणसं भांडी नेतात, देव नेतात. माळ्यावरची जुनी वही नेतातच असं नाही.

म्हणून या लेखाबरोबर एक काम जोडतो आहे. पनवेल, उरण, पेण, खालापूर या भागात ज्या घरांतली आजी, आजोबा, मावशी, काका सेवादलाच्या शाखेत किंवा कलापथकात होते, त्यांनी जुने फोटो, कार्यक्रमपत्रिका, गाण्यांच्या वह्या आमच्याकडे आणाव्यात. मूळ वही आम्ही ठेवून घेणार नाही, तुमच्यासमोर तिची प्रत काढून लगेच परत देऊ. ज्या धवलारणी अजून मांडवात गातात त्यांच्या घरीही आम्ही जाणार आहोत, ध्वनिमुद्रणाचं साधन घेऊन. प्रत्येक गाण्याआधी गाणारीचं नाव, तिचं गाव आणि ते गाणं तिला कोणी शिकवलं त्या बाईचं नाव नोंदवलं जाईल. आईच्या वहीची प्रत काढून झाली आहे. तिच्या शेवटच्या पानावर, कोळीनाचाच्या सूचनांखाली, पेन्सिलीने एक रिकामी ओळ आखलेली आहे आणि तिच्यापुढे फक्त ‘शिकवणारी :’ एवढंच लिहिलं आहे.